चोरबोंबलाच्या वड्या आणि प्रमिलाताई

रविवारची सकाळ होती. बहरैनमध्ये आमचा कामाचा आठवडा रविवारीच सुरू होतो, त्यामुळे अदलियातल्या ऑफिसात मी नुकती येऊन टेकले होते, कॉफीचा कप अजून भरलेला होता आणि फोनवर अनिकेतचा मेसेज आला. अनिकेत हा प्रमिलाताईचा मुलगा. इथेच जन्मला, इथल्याच इंग्रजी शाळेत शिकला. मी मराठीत विचारायचं आणि त्याने इंग्रजीत उत्तर द्यायचं, ही आमची त्याच्या बोबड्या वयापासूनची रीत. त्या दिवशी मात्र त्याने दोनच शब्द पाठवले होते, तेही मराठीत : 'आई गेली.' खरं सांगते, मला पहिल्यांदा वाटलं की बाजारात गेली. रविवारी मासळी ताजी मिळते असं तिचं म्हणणं असायचं. मग वाटलं, बाजारात गेली तर हा मला कशाला कळवेल... आणि मग समोरच्या खुर्चीतल्या मुलीने विचारलं, "मॅडम, आर यू ओके?" तेव्हा कळलं की मी केव्हाची उभीच आहे.

प्रमिला विजय तांबे. गेली तेव्हा नोकरीतून निवृत्त होऊन फार काळ लोटला नव्हता. सकाळी उठली, चहा ठेवला, छातीत कळ आली आणि अँब्युलन्स यायच्या आधी सगळं संपलं. या सगळ्याला आता काही आठवडे होऊन गेले. तिच्याबद्दल लिहावं असं रोज वाटत होतं आणि रोज हात मागे येत होता. कारण तिच्याबद्दल लिहायचं म्हणजे व्हिएतनाममधल्या एका टपरीबद्दल लिहायला हवं आणि ते वाचणाऱ्याला पटेल असं मला कसं जमावं, हा प्रश्न होता. आज प्रयत्न करते.

आमची ओळखच मुळी माशांवरून झाली. मी अलिबागकडची, मासे खाऊन वाढलेली. लग्न होऊन बहरैनला आले तेव्हा मनामाच्या मासळी बाजारात जाऊन बावरून उभी राहायची, कारण मासे ओळखीचे आणि नावं अनोळखी. सुरमईला इथे कनद म्हणतात हेसुद्धा ठाऊक नव्हतं. एकदा मी स्वतःशीच मराठीत पुटपुटत एक सुरमई निवडत होते, तर मागून आवाज आला, "घेऊ नको गो ती. डोळे बघ तिचे, कालची हाय." वळून पाहिलं तर ठेंगणी, सावळी, सलवार-कमीजवर ऑफिसचं ओळखपत्र लटकवलेली एक बाई. ती गुहागरकडची, खाडीकाठच्या एका वाडीतली. एका बांधकाम कंपनीत फायली आणि नकाशे सांभाळायचं काम करायची. नवरा, विजयदादा, एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन. माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणू लागले, पण बोलणं पहिल्या दिवसापासून अगंतुगंचंच. त्या दिवशी तिने मला दुसरी सुरमई निवडून दिली आणि वर बजावलं, "डोकं टाकू नको हां, कढीला ठेव."

तिचा स्वभाव कळायला मला एक हळदीकुंकू पुरलं. जनाबियाच्या एका व्हिलात आम्हा मराठी बायकांचा कार्यक्रम होता. मीच तिला घेऊन गेले होते. यजमानीणबाईंनी हसतमुखाने नाव विचारलं. "प्रमिला तांबे." बाई खुलल्या. "तांबे? म्हणजे आमच्यातलेच की! कोकणातले कुठले?" प्रमिलाताई म्हणाली, "गुहागरचे. बौद्ध आहोत आम्ही." कुंकवाची कोयरी धरलेला हात क्षणभर थबकला. कुणी काही वावगं बोललं नाही, फक्त सगळ्यांना एकदम पडद्यांचं कापड आवडू लागलं. प्रमिलाताईने पिशवीतून डबा काढला, झाकण उघडलं आणि म्हणाली, "खोबऱ्याच्या वड्या आणल्यात. चालतात त्यांनी घ्या. नाही चालत त्यांची साखर आटोक्यात राहील, तेही बरंच." दोघी-तिघी हसल्या आणि त्यांनी घेतल्या. काहींनी घेतल्या आणि हातात धरून बसल्या. परतताना गाडीत मीच रडवेली झाले होते. ती म्हणाली, "वजन करतात गो माणसाचं. करू दे. काटा त्यांचा, माझं वजन काय कमी होत नाय." पुढे त्याच यजमानीणबाई हॉस्पिटलमध्ये होत्या तेव्हा तिने त्यांना पेजेचा डबा पोचवला, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. ती कधी बोलली नाही.

अनिकेत नोकरीला लागला आणि अदलियातल्या एका कॅफेत जाऊन बसायची त्याला सवय लागली. कॉफी बरी होती म्हणून जातो, असं तो सांगे. खरं कारण त्या कॅफेच्या स्वयंपाकघरात केक करणारी एक व्हिएतनामी मुलगी होती. तिचं नाव माई. वर्षभराने त्याने घरी सांगितलं तेव्हा प्रमिलाताई पोट धरून हसली. "अरे, माझ्या घरात मी आई आणि ती माई? हाक मारलीस की दोघी धावून येऊ!" दुसऱ्याच शुक्रवारी तिने माईला जेवायला बोलावलं. मुलगी लाजरी, पण ताटातलं बांगड्याचं तिखलं बघून तिचे डोळे चमकले. तिने काटे इतके स्वच्छ काढले की प्रमिलाताईने तिथेच निकाल देऊन टाकला. "पास."

अडचण पलीकडे होती. माईची आई क्वी न्योन नावाच्या समुद्रकाठच्या गावात राहायची आणि घरासमोर माशाच्या वड्यांच्या शेवयांची टपरी चालवायची. तिने फोनवर लेकीला सांगून टाकलं होतं की परदेशी माणूस नको, विषय खलास. अनिकेतने व्हिडिओवर नमस्कार केला तर तिने फोन पालथा ठेवला. का, ते माई सांगत नव्हती. अनिकेत चिडला. विजयदादा म्हणाले, थांबू, वर्षभराने बघू. प्रमिलाताई म्हणाली, "वर्षभराने काय बघायचं? तिने आपल्याला पाहिलेलंच नाय. मी जाते." विजयदादांच्या कारखान्यात तेव्हा यंत्रं बंद ठेवून करायचं दुरुस्तीचं, शटडाऊनचं काम होतं, लीव्ह मिळणं शक्य नव्हतं. अनिकेतला तिने नेलं नाही. "तू गेलास तर ती दारच लावील." मग बरोबर कोण? माझ्याकडे बघून म्हणाली, "नीला, मासे खायला येतेस?"

अशी मी व्हिएतनामला गेले. क्वी न्योनला पोचलो त्या रात्री हॉटेलात प्रमिलाताईने बेत सांगितला. माईकडून तिने फक्त गल्लीचं नाव घेतलं होतं. आपण कोण, कुठून आलो, काही सांगायचं नाही. आधी गिऱ्हाईक म्हणून जायचं. "तिच्या हातचं खाऊ. माणूस कसा आहे ते हातात कळतं. मग बोलू."

त्या पदार्थाचं नाव 'बून चा का'. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा प्रमिलाताई म्हणाली, "चा का? नको, आत्ताच झाला." बून म्हणजे तांदळाच्या बारीक शेवया आणि चा का म्हणजे माशाच्या वड्या. टपरी कसली, घराच्या ओट्यापुढे निळं कापड ताणलेलं, दोन मोठी पातेली, एक कढई आणि फुटपाथवर बुटकी प्लास्टिकची स्टुलं. प्रमिलाताईचे गुडघे दुखायचे. तिला खाली बसवायला आणि उठवायला मला हात द्यावा लागे. पातेल्यामागे उभी असलेली बाई बारीक अंगाची, केस घट्ट बांधलेली, तोंडावर हसू नाही. सगळे तिला 'को साऊ' म्हणत. को म्हणजे मावशी आणि साऊ म्हणजे सहावी. भावंडांत सहावी म्हणून साऊ. माईने हे सांगितलं होतं तेव्हा प्रमिलाताई म्हणाली होती, "साऊ! हे तर आपल्याच आळीतलं नाव."

साऊने आम्हाला पाहून न पाहिल्यासारखं केलं आणि दोन वाडगे पुढे सरकवले. काय होतं त्यात? पांढऱ्या शेवया, त्यावर माशाच्या काट्यांचं निवळ, बिनरंगाचं सार. त्यात दोन तऱ्हेच्या वड्या, एक वाफवलेली पांढरीशुभ्र, एक तळून सोनेरी केलेली. बाजूला ताटलीत बारीक चिरलेलं केळफूल, मोड आलेले मूग, कसलासा हिरवा पाला, लिंबाची फोड आणि मिरची. मी केळफूल बघूनच खूश झाले. प्रमिलाताईने वडी दाताखाली धरली आणि डोळे मिटले. वडी रबरासारखी ताणली जायची आणि मग एकदम सुटायची, तोंडात गोडूस समुद्र आणि मिऱ्याचा झटका. मी विचारलं, "काय गं?" ती डोळे न उघडता म्हणाली, "नीला... चोरबोंबील." आमच्या कोकणात जाळ्यात आला तर कुणी हौसेने घेत नाही, काटेच फार म्हणून वाळवायला टाकतात, तो मासा. "आमची म्हातारी चुलीवर भाजायची ह्याला. काटे काढता काढता जीव जायचा. आणि ह्या बाईने बघ त्याचं काय केलंय." तिने सार वाडगा तोंडाला लावून संपवलं. साऊने रिकामा वाडगा उचलला, आत पाहिलं आणि पातेल्याकडे वळली.

मग रोज सकाळी आम्ही तिथे. दुपारी-संध्याकाळी इतर टपऱ्यांवर, कारण प्रमिलाताईला तुलना करायची होती. समुद्राजवळ एक म्हातारा होता, त्याच्या साराला अननसाचा आंबटपणा होता. बाजाराच्या तोंडाशी दोघी बहिणी होत्या, त्यांच्या वड्या मोठ्या पण प्रमिलाताईच्या मते "पिठाळ". शाळेजवळच्या गाड्यावर मुलं वड्या नुसत्याच काडीला टोचून खात उभी असायची, तिथे आम्हीही उभ्याने खाल्ल्या. लोक जागा करून द्यायचे, मिरची जपून घाला म्हणून खुणा करायचे. प्रमिलाताई मूठभर मिरची घालायची आणि ते टाळ्या वाजवायचे. पण फिरून फिरून तिचा निवाडा एकच होता : साऊच्या हाताला तोड नाही. आणि साऊ? एक शब्द नाही. इतर गिऱ्हाइकांशी बोलायची, ओरडायची, आमच्यापुढे वाडगा ठेवला की पाठ फिरवायची. शेवटी मीच कंटाळले. म्हटलं, "ताई, हिला आपलं येणं आवडत नाहीये. सांगून टाकू या का? नाहीतर ही अशीच तोलत राहील." त्यावर ती जे बोलली ते मी विसरणार नाही. "तोलू दे ना. आडनाव ऐकून तोलणं वेगळं आणि पोटच्या मुलीसाठी तोलणं वेगळं. हिचा हक्क आहे. मी पण बसेन काट्यावर, हवं तेवढे दिवस."

एका सकाळी पोचलो तर साऊच्या उजव्या मनगटाला पट्टी बांधलेली. गिऱ्हाईक कमी झाल्यावर ती ओट्यावर दुसऱ्या दिवसाचे मासे घेऊन बसली. चमच्याने माशाचा गर खरवडून काढायचा, काटे आणि कातडी मागे ठेवायची आणि मग तो गर दगडी खलात कुटत राहायचा, अशी ती पद्धत. दर दोन-चार ओढींना ती कळवळत होती. प्रमिलाताई स्टुलावरून कशीबशी स्वतःच उठली, नळावर कोपरापर्यंत हात धुतले, ओट्यावर जाऊन साऊच्या शेजारी मांडी घातली आणि दुसरा चमचा उचलला. माझा जीव वर. साऊने पाहिलं. नको म्हणाली नाही. प्रमिलाताई खरवडू लागली, पण उलट्या बाजूने, डोक्याकडून. गराबरोबर काटे येऊ लागले. तेव्हा साऊने पट्टी बांधलेल्या हाताने तिचं मनगट धरलं, चमचा फिरवून शेपटीकडे लावला आणि हळूच ओढून दाखवलं. मग दोघी खाली माना घालून बसल्या. मासे संपले. खलात बत्ता मीही थोडा वेळ चालवला आणि दंड भरून आल्यावर मुकाट बाजूला झाले. प्रमिलाताई कुटत राहिली, गर चिकट होऊन बत्त्याला धरेपर्यंत.

सगळं झाल्यावर साऊने हात पुसले, आत जाऊन फोन आणला आणि आमच्यापुढे धरला. फोटोत अनिकेत, माई आणि मधोमध प्रमिलाताई, ताईच्याच घरातल्या सोफ्यावर. माईने तो कधीच पाठवलेला होता. म्हणजे हिला पहिल्या वाडग्यापासून माहीत होतं! प्रमिलाताई आधी चपापली आणि मग अशी हसत सुटली की समोरचा सायकलवालाही थांबला. साऊ हसली नाही. पण तिने चहा आणला.

मग फोनमधल्या भाषांतराच्या बाईला मध्ये ठेवून त्या दोघी बोलल्या. साऊ बोलायची, फोन मोडकंतोडकं मराठी बोलायचा. "माझी मोठी मुलगी लग्न करून दूर देशात गेली. सासूने तिचे कागद कपाटात ठेवले. फोन काढला. मुलगी परत आली, मूल परत आले नाही." फोनने ते सगळं सपाट आवाजात सांगितलं. 'मूल परत आले नाही...' दाराच्या आत एक तरुण बाई भाजी निवडत बसलेली मी रोज पाहत होते. तीच ती मोठी मुलगी. नातवाला साऊने फक्त फोटोत पाहिलं होतं.

अशा वेळी आपण काय म्हणतो? 'लेकीसारखी सांभाळीन.' मी असते तर तेच म्हटलं असतं. प्रमिलाताईने फोन हातात घेतला आणि एकेक शब्द सावकाश बोलली, म्हणजे यंत्राने चूक करू नये. "माईचा पासपोर्ट माईकडे राहील. तिच्या कपाटाची किल्ली तिच्याकडे राहील. तिला वाटेल त्या दिवशी ती तुमच्याकडे येईल, माझ्या मुलाला विचारायची गरज नाही. आणि ती आली नाही असं झालं, तर तुम्ही मला येऊन जाब विचारा." फोनने ते व्हिएतनामीत म्हटलं. साऊने पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा ऐकलं. मग उठून घरात गेली आणि दारातून हाताने आम्हाला आत बोलावलं. समोरच्या भिंतीवर बुद्धाची मूर्ती, पुढे उदबत्ती आणि केळी. प्रमिलाताईने सवयीने हात जोडले आणि 'नमो तस्स' म्हणून वंदना सुरू केली. साऊने चमकून पाहिलं. तिच्या प्रार्थनेची सुरुवातही 'नाम मो' अशीच होते. बाकी एक शब्द जुळत नव्हता. दोघी आपापलं म्हणत राहिल्या, वेगवेगळ्या चालीत, आणि ज्या वेळी संपलं त्या वेळी संपलं.

लग्न क्वी न्योनलाच झालं. माई प्रमिलाताईच्या घरात आली आणि प्रमिलाताईच्या डोक्यात वड्यांचं वेड शिरलं. मनामाच्या बाजारात ती आता कनदकडे बघेना, ढिगाच्या तळाशी पडलेले काटेरी मासे मागे. विक्रेते हसायचे. पहिल्या वड्या मिक्सरमध्ये केल्या, त्या भुसभुशीत झाल्या. मिक्सर गरम होतो आणि गर मरतो, असं साऊने व्हिडिओवर रागावून सांगितलं. मग गावाहून दगडी खलबत्ता मागवला, तो सामानात पाहून विमानतळावरच्या माणसाने कपाळाला हात लावला. केळफूल मल्याळी दुकानात मिळायचं. कितीतरी शुक्रवार बिघडले. विजयदादा बिघडलेल्याही निमूट खायचे. मग एका शुक्रवारी वडी ताणली गेली आणि सुटली, आणि माई वाडग्यावर मान खाली घालून रडली. त्यानंतर शुक्रवारी दुपारी त्या घरी कोण यायचं याचा नेम राहिला नाही. माईच्या कॅफेतल्या फिलिपिनो मुली, विजयदादांचे कारखान्यातले मित्र, अनिकेतचे सखीरच्या युनिव्हर्सिटीतले दोस्त, हळदीकुंकवाच्या त्या यजमानीणबाईसुद्धा. प्रमिलाताई दारातच म्हणायची, "यल्ला, चला, बसा, वाडगे कमी आहेत, पहिल्यांनी लवकर आटपा."

पण मला ती सगळ्यात मोठी वाटली ती वेगळ्याच वेळी. लग्नाला दोन-तीन वर्षं झाल्यावर माईचं बाळ पोटातच गेलं. त्यानंतर ती बोलेना, जेवेना. तिला आईकडे जायचं होतं. अनिकेत म्हणाला, आत्ता नको, डॉक्टर इथे आहेत, मला सुट्टी मिळाली की दोघं जाऊ. तोही दुःखातच होता. पण आवाज चढला आणि माईने खोलीचं दार लावून घेतलं. मी तेव्हा तिथेच होते. प्रमिलाताईने डॉक्टरांना फोन करून प्रवासाचं विचारून घेतलं, तिकीट काढलं आणि माईच्या दारावर टकटक करून म्हणाली, "माई, पॅक युवर बॅग. एअरपोर्टला मी सोडते." अनिकेत म्हणाला, "आई, यू आर टेकिंग हर साइड!" ती म्हणाली, "साइड नाय घेत. शब्द दिलाय. आणि तो तुला विचारून दिला नव्हता." मुलगा कित्येक आठवडे तिच्याशी धड बोलला नाही. इथल्या बायकांनी विचारून विचारून तिला हैराण केलं, सून गेली का, कायमची गेली का. ती म्हणायची, "माहेरी गेलीय. तुम्ही नाय जात?" पण गाडीत माझ्याजवळ एकदाच बोलली, "नीला, आली नाही तर मी कुणाला दोष देऊ शकत नाय गो. पण मला ती हवीय."

माई उन्हाळाभर तिथे राहिली. शेवटी अनिकेत गेला. टपरीवर साऊने त्याला आधी खाऊ घातलं आणि मग चमचा हातात देऊन मासे खरवडायला बसवलं, असं त्यानेच मला सांगितलं. परत आले ते दोघं आले. आज त्यांची लेक दीड वर्षाची आहे आणि तिला दात आल्यावर पहिली वडी प्रमिलाताईने भरवली, मिरी न घातलेली.

प्रमिलाताई गेल्यावर दहा-बारा दिवसांनी साऊ बहरैनला आली. आयुष्यात कधी विमानात न बसलेली बाई, मोठ्या मुलीचा हात धरून आली. तोपर्यंत घराची अवस्था अशी की माई बाळाला सांभाळून कसंबसं चालवत होती आणि विजयदादा नुसते होते. कामावरून यायचे, पुढ्यात आलेलं चिवडायचे. माईने मला हळूच सांगितलं की रोज सकाळी ते फ्रीझरचा दरवाजा उघडतात, थोडा वेळ बघतात आणि बंद करतात. आत एक डबा होता. गेली त्याच्या आदल्या दिवशी प्रमिलाताईने तिसऱ्या प्रहरी बसून केलेल्या वड्या, पुढच्या शुक्रवारसाठी. त्या डब्याला कुणी हात लावत नव्हतं. अनिकेतने एकदा जागा करायला तो हलवला तर विजयदादा त्याच्यावर ओरडले होते, आयुष्यात पहिल्यांदा.

मागच्या शुक्रवारी मी गेले तर स्वयंपाकघरात साराचा वास होता आणि ओट्यावर तो डबा उघडा होता. साऊने तो सकाळीच बाहेर काढून ठेवला होता. वड्यांवरचा बर्फ वितळून त्याचं पाणी झालं होतं. माई भेदरून माझ्याकडे बघत म्हणाली, "मावशी, मी तिला सांगितलं... शी डिडन्ट लिसन." साऊने कढईत तेल ओतलं होतं. तेवढ्यात विजयदादा दारात आले. त्यांनी डबा पाहिला. अनिकेत पुढे होऊन काही बोलणार होता, त्याला मी धरलं. साऊने मागे वळून त्यांच्याकडे पाहिलं, अगदी सरळ, आणि माईला काहीतरी म्हणाली. माईने अडखळत सांगितलं, "ती म्हणते, आईने हे खायला केलं होतं."

विजयदादा तसेच उभे. मग आत आले, कढईजवळ गेले, वाकून ज्योत पाहिली आणि गॅसचं बटण जरा फिरवलं.

"एवढा मोठा नको," ते म्हणाले. "ती मंद आचेवर तळायची."

साऊला शब्द कळले नाहीत, पण बारीक झालेली ज्योत कळली. तिने झारा त्यांच्या हातात दिला आणि बाजूला सरकून उभी राहिली. त्यांनी एकेक वडी तेलात सोडली, उलटली, सोनेरी झाल्यावर काढली. वाडग्यांत त्यांनी सगळ्यांना वाढलं आणि शेवटी स्वतः बसले. मी मान वर केली नाही, फक्त त्यांच्या चमच्याचा आवाज ऐकत होते... तो थांबत नव्हता. थोड्या वेळाने त्यांनी रिकामा वाडगा पुढे केला आणि माईला विचारलं, "सार आहे का अजून?"